फडातली बाई आणि ज्याचं त्याचं मन

ताई, नमस्कार.

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय २६. शेतीचं शिक्षण घेतलं आणि आता घरचीच शेती बघतो. ऊस आहे, थोडी हळद आहे. यंदा जानेवारीत आमच्या फडात तोडणीला टोळी आली, जत भागातली. त्यातली एक बाई सातव्या महिन्यात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मोळी उचलताना ती खाली बसली ती उठेना. पोटात कळा येत होत्या. मुकादम म्हणाला, पाणी पाजा, सावलीला बसवा, होईल बरं. तिचा नवरा खाली मान घालून उभा. मी तिला आणि टोळीतल्या एका म्हातारीला आमच्या गाडीत घातलं आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं, नंतर सक्तीची विश्रांती सांगितली. परत येऊन मी मुकादमाला सुनावलं की हिला आता फडात उतरवायचं नाही. शब्दाला शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी त्याने टोळी उचलून दुसऱ्याच्या रानात नेली. आमचा निम्मा ऊस तसाच उभा राहिला. तो तुटायला मार्च उजाडला. तोवर तुरे येऊन गेले होते आणि वजनात चांगलाच मार बसला.

आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "टोचलं तुझ्या मनाला, आन् वाळला माझा ऊस. मन ज्याचं त्याला. माझं मन मला काय बी म्हणत न्हाई, मी सुखानं झोपतोय." माझा चुलत भाऊ पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. करतो. मला वाटलं होतं तो माझी बाजू घेईल. पण तो म्हणतो, सदसद्विवेकबुद्धी म्हणजे संस्कार आणि उत्क्रांती यांनी आपल्यात भरलेली सवय. तुझं तुझ्यापुरतं खरं, काकांचं काकांपुरतं. वरून कोणीच ठरवू शकत नाही.

रागाच्या भरात मी आण्णांना म्हणालो, ज्याच्या मनाला काही वाटतच नाही तो माणूस कसला? तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आई मध्ये अडकली आहे. वाईट याचं वाटतं की हेच आण्णा २०१९ च्या पुरात नदीकाठच्या दोन कुटुंबांना ट्रॅक्टरवर घालून आमच्या वस्तीवर घेऊन आले होते, पाणी उतरेपर्यंत त्यांना आणि त्यांच्या म्हशींना सांभाळलं होतं. मग आता काय झालं? आणि रात्री कधी कधी माझ्याच मनात येतं की मी तरी ते तिच्यासाठी केलं, की माझ्या मनाची टोचणी थांबावी म्हणून? विवेक खरंच ज्याचा त्याचा असतो का? मी आण्णांना चुकलात असं म्हणू शकतो का?

— एक वाचक, वाळवा तालुका

प्रिय मित्रा,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरात अबोला असताना लांबण लावणं बरं नाही. त्या दिवशी फडात जे झालं त्याबद्दल आण्णा चुकले, असं तू म्हणू शकतोस. "तुम्ही माणूस कसले" असं मात्र म्हणू शकत नाहीस, आणि ते शब्द तू परत घ्यायला हवेत. पहिल्या वाक्यामागे तुझ्याकडे पुरेसा आधार आहे. दुसऱ्यामागे कुणाकडेच नसतो. या दोन गोष्टी वेगळ्या का, ते सांगते.

भावापासून सुरुवात करते. तो म्हणतो त्यातला अर्धा भाग खरा आहे. मनात जी टोचणी लागते ती ज्याची त्यालाच ऐकू येते. ती घरातून, जातीतून, शाळेतून, देवळातून, भीतीतून, प्रेमातून घडते, आणि माणूस टोळ्याटोळ्यांनी जगत आला म्हणून आपल्यात मुळातच काही ओढ असते, हेही मान्य. पण एखादी गोष्ट आपल्यात कुठून आली हे सांगून झालं म्हणजे ती खरी की खोटी हे ठरत नाही. तू ऊस पिकवतोस, तर तुझ्याच रानातलं उदाहरण घे. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीचं वजन एक येतं आणि रस्त्यावरच्या खासगी काट्यावर दुसरंच. शेतकरी चिडतो, काटा मारला म्हणून ओरडतो, तपासणी मागतो. पण "वजन ज्याच्या त्याच्या काट्यापुरतं" असं आजवर कोणी म्हटलं आहे का? दोन काटे वेगळं दाखवतात तेव्हाच आपल्याला काटा तपासावासा वाटतो, कारण ट्रॉलीत ऊस आहे आणि त्याला त्याचं असं वजन आहे. मनाचंही तसंच. तुझं आणि आण्णांचं मन वेगळं बोललं, याचा अर्थ बोलण्यासारखं समोर काहीच नव्हतं असा होत नाही. समोर एक बाई होती, पोट धरून बसलेली. तिच्या कळा तुझ्या मताच्या नव्हत्या आणि आण्णांच्याही मताच्या नव्हत्या.

तुझ्या भावाने याचा एकदा नीट विचार करावा, कारण त्याचं म्हणणं शेवटपर्यंत नेलं तर फार जड जातं. तुझ्याच तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले भाऊराव पाटील, पुढे ज्यांना आपण कर्मवीर म्हणू लागलो, ते विद्यार्थी असताना कोल्हापुरात एका बोर्डिंगात राहत होते. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी तिथे मिस क्लार्क वसतिगृह सुरू होत होतं, त्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर बोर्डिंगात फर्मान निघालं: आंघोळ कर, मगच पंगतीला बस. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. आता त्या काळच्या माणसांकडे बघ. विटाळ झालेला मुलगा तसाच पंगतीला बसला असता, तर कितीतरी भल्या माणसांच्या मनाला खरोखर टोचलं असतं. ते ढोंग नव्हतं. त्यांची सदसद्विवेकबुद्धीच त्यांना आंघोळ घालायला सांगत होती. आणि भाऊरावांची त्यांना आंघोळ न करायला सांगत होती. टोचणी दोन्हीकडे तितकीच तीव्र. जर विवेक ज्याचा त्याचाच असेल, तर आपल्याला एवढंच म्हणता येईल की त्यांचं त्यांच्यापुरतं आणि भाऊरावांचं भाऊरावांपुरतं. पण आपण असं म्हणत नाही. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली, सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात एका पंगतीला जेवू लागली, आणि पोरांचं पोट भरावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. सातारा-सांगलीतल्या हजारो घरांत पहिली पदवी या संस्थेमुळे आली. त्या घरांतल्या कुणाला विचारून बघ, भाऊरावांचं बरोबर होतं हे केवळ एक मत आहे का.

म्हणजे टोचणी हा पुरावा नव्हे. हे तुझ्या बाजूचं आहे आणि तुझ्या विरुद्धही. मनाला टोचलं म्हणून गोष्ट वाईट ठरत नाही आणि टोचलं नाही म्हणून चांगली ठरत नाही. आण्णा सुखाने झोपतात यावरून काहीच सिद्ध होत नाही. तू रात्री जागतोस यावरूनही नाही. बघायचं ते त्या बाईकडे.

भाऊ कदाचित संविधानाचं नाव काढेल, म्हणून तेही सांगून ठेवते. कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, आणि त्याच वाक्यात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही घालतं. कुणाच्या मनात सरकारने घुसू नये, एवढं ते सांगतं. प्रत्येकाचं मन बरोबरच असतं असं नाही.

आता आण्णांकडे येते. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तू जाता जाता लिहिली आहेस, पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा काय परिस्थिती होती हे आपण दोघांनी पाहिलंय. अशा पाण्यात ट्रॅक्टर घालून परक्या माणसांना आणि त्यांच्या जनावरांना आणणाऱ्या माणसाला मन नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझीही रेटायला नको होती. मग जानेवारीत ते मन गप्प का राहिलं? मला वाटतं ते गप्प राहावं अशी सगळी व्यवस्था आधीच लागलेली होती.

तू आतला माणूस आहेस, तुला हे माहीत आहे, तरी एकदा ओळीने वाच. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो. वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो. मुकादम गावोगाव फिरून जोडप्यांना उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो. जोडपं दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड उचलून निघतं आणि उचल फिटेपर्यंत तोडत राहतं. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. आता त्या बाईला कळा आल्या तर जबाबदारी कुणाची? कारखाना म्हणेल, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणेल, टोळी मुकादमाची. मुकादम म्हणेल, मी पैसे मोजलेत, माझ्या डोक्यावर कर्ज आहे. नवरा काही म्हणणारच नाही, कारण त्याने अंगठा केलेला आहे. आणि शेतकरी म्हणेल, टोळी काय मी आणली? प्रत्येकाचं बोलणं आपापल्या जागी खरं आहे. या सगळ्या खऱ्या बोलण्यांच्या मधोमध ती बाई उसाच्या सरीत बसलेली आहे आणि ती कुणाचीच नाही.

पुरात अशी साखळी नव्हती. समोर पाणी, पाण्यात माणसं, आणि आपल्याकडे ट्रॅक्टर. मध्ये करार नाही, मुकादम नाही. आण्णांचं मन त्याच क्षणी चाललं. फडात ते चाललं नाही, कारण तिथे माणसाऐवजी कोयते मोजले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस आला तर अर्धा. "तुमच्याकडे किती कोयते उतरलेत?" असं आपण सगळेच सहज विचारतो, मीसुद्धा विचारलेलं आहे. ज्याला आपण रोज अर्धा कोयता म्हणून मोजतो त्याच्या पोटात दुखतंय हे डोळ्यांना दिसतं, पण आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. आणि ती टोळी आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची होती. तुमच्या बांधाला कृष्णेचं पाणी खेळतं, जतच्या माळावर अजून पुष्कळ गावांना पावसाची वाट बघावी लागते. एवढाच फरक त्या बाईच्या हातात कोयता द्यायला पुरेसा झाला.

आण्णांची एक अडचणही समजून घे. टोळी मिळावी म्हणून छोट्या शेतकऱ्याला आजकाल किती मिनतवाऱ्या कराव्या लागतात, तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे किती फिरावं लागतं, टोळीला आणि ड्रायव्हरला वरून किती द्यावं लागतं, हे तू जवळून बघतोस. तोडलेला ऊस पडून राहिला तर वाळतो, न तोडलेला राहिला तर तुरा धरतो. मुकादमाशी वाकडं घ्यायची हिंमत आण्णांसारख्या माणसाला परवडत नाही. हे त्यांच्या वागण्याचं समर्थन नाही. पण तू त्यांच्याशी बोलायला बसशील तेव्हा ही गोष्ट तुला ठाऊक आहे हे त्यांना कळायला हवं.

आणि एक गोष्ट त्यांना कळायला हवी. "टोळी काय मी आणली?" हे म्हणणं पूर्ण खरं नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या बिलातूनच कापला जातो. त्या बाईची मजुरी मधल्या चार हातांतून फिरून का होईना, तुमच्याच उसातून जाते. हे हिशोबाचं सत्य आहे, त्याला हळवेपणा लागत नाही. आण्णांसारख्या माणसाला हे माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा लवकर पटेल असं मला वाटतं.

आता तुझ्याबद्दल. दवाखान्यात नेलंस ते योग्यच केलंस, त्यात किंतु-परंतु काही नाही. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही: त्या बाईला काय हवं होतं. परत येऊन तू मुकादमाला सुनावलंस की हिला उतरवायचं नाही. बरोबर. पण ती उतरली नाही तर तिच्या नावावर खाडे चढणार होते, आणि ते खाडे कोण भरणार हे तू त्याला विचारलंस का? तिला विचारलंस का? टोळी दुसऱ्याच्या रानात गेली तेव्हा ती कुठे होती, कामावर होती की पालावर, हे तुला माहीत आहे का? मी तुला दोष देत नाही, तू त्या क्षणी जेवढं दिसलं तेवढं केलंस. पण तुझं मनही तेवढंच बोललं जेवढं त्याला दिसलं. त्याला कळा दिसल्या, खाडा दिसला नाही. म्हणूनच मला मन ज्याचं त्याचं आहे यावर थांबता येत नाही. मन शिकतं. जास्त माहिती मिळाली की ते जास्त नेमकं बोलतं. जे नुसतं आपल्यापुरतं खरं असतं, त्यात शिकण्यासारखं काय उरलं असतं?

आणि दुसरी गोष्ट, जी तुला आवडणार नाही. तुझ्या निर्णयाची किंमत आण्णांच्या उसाने मोजली. तो ऊस तुझाही आहे हे मला कळतं, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे, सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर आहे? दवाखान्यात नेण्यासाठी त्यांची परवानगी लागत नव्हती. मुकादमाशी भांडण्यापूर्वी मात्र त्यांच्या कानावर घालायला हवं होतं. दोघं मिळून उभे राहिला असतात तर कदाचित मुकादमही नरमला असता. ते असो. नुकसान झालंय आणि ते खरं आहे, एवढं तू त्यांच्यासमोर कबूल कर. त्यांनी ते तुझ्याकडून अजून ऐकलेलं नसावं असं पत्रावरून वाटतं.

आता "माणूस कसला" या शब्दांबद्दल. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी चीनमध्ये मेन्शियस नावाचा विचारवंत होऊन गेला. त्याने एक प्रसंग कल्पिला आहे. एक लहान मूल विहिरीच्या तोंडाशी गेलंय, आता पडणार. ते अचानक बघणाऱ्या कुणाच्याही काळजात धस्स होईल. त्या मुलाच्या आईबापांची मर्जी मिळावी म्हणून नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाहवा करावी म्हणून नाही, मुलाचं ओरडणं नकोसं वाटतं म्हणूनही नाही. आणि पुढे तो म्हणतो की ही कळवळ्याची भावना ज्याच्यात नाही तो माणूसच नाही. तू आण्णांना जे म्हणालास तेच, असं तुला वाटेल. पण त्याचा रोख उलटा आहे. ही भावना माणूस म्हटल्या प्रत्येकात आहे, कोंबासारखी आहे, जपली नाही तर वाढत नाही, हे त्याला सांगायचं होतं. कुणाला माणसांतून वगळण्यासाठी त्याने ते सांगितलेलं नाही.

तोच विचार खूप पुढे एका वेगळ्या ठिकाणी उगवला. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता. पहिल्या कलमात माणसाजवळ विचारशक्ती असते एवढंच येऊ घातलं होतं. चीनचे प्रतिनिधी पेंग-चुन चांग यांनी सुचवलं की नुसत्या बुद्धीने माणूस पुरा होत नाही, दुसऱ्या माणसाची जाणीव असणं हेही त्यात यायला हवं. म्हणून तिथे सदसद्विवेकबुद्धी हा शब्द आला. आणि त्याच कलमात "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती, ती बदलून "सर्व मानव" करायला लावली भारताच्या हंसा मेहतांनी. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, असं तो म्हणतो. लक्षात घे, जन्मतः. विवेक दाखवल्यावर नव्हे.

हे मला फार मोलाचं वाटतं. विवेक हे माणसाचं लक्षण आहे, पण ती माणूस असण्याची परीक्षा केली की घात होतो. मग तान्हं मूल नापास होतं. सगळं विसरलेली आजी नापास होते. रागाच्या भरात बाप नापास होतो. आणि परीक्षा घेणारा नेहमी स्वतःला पास करून घेतो. आजवर ज्यांनी ज्यांनी माणसांना माणसांतून वगळलं, त्यांनी आधी अशीच काहीतरी कसोटी लावली होती: यांना अक्कल नाही, यांना शुचिता नाही, यांना धर्म नाही. आण्णांनी त्या दिवशी माणुसकी दाखवली नाही असं म्हण, मी तुझ्याबरोबर आहे. पुरात दाखवली होती असंही म्हण. ती अशी दाखवता येते, राहून जाते, पुन्हा दाखवता येते. माणूस असणं मात्र कुणाकडून काढून घेता येत नाही. त्या फडात जिचं माणूस असणं खरोखर काढून घेतलं जात होतं ती तुझ्या आणि आण्णांच्या भांडणात कुठेच नाही. तुम्ही दोघं एकमेकांचं मन मोजत बसला आहात.

तिच्यासाठी केलं की स्वतःच्या टोचणीसाठी, हा तुझा प्रश्न मी फार ताणणार नाही. बहुतेक दोन्ही. माणसाचे हेतू इतके स्वच्छ क्वचितच असतात आणि ते स्वच्छ होईपर्यंत थांबला असतास तर ती दवाखान्यात उशिरा पोचली असती. मेन्शियसच्या त्या प्रसंगात काळजात धस्स आधी होतं, हिशोब नंतर येतात. तुझंही तसंच झालं असावं, कारण तू लिहितोस की तिला आणि म्हातारीला गाडीत घातलं, कुणाला काय वाटेल याचा एक शब्द तिथे नाही. शंका नंतरची आहे. हेतू तपासायचाच असेल तर पुढचं बघ: टोचणी थांबल्यावर तू थांबलास का? अजून काही करायचं शिल्लक आहे आणि ते करायला तू तयार असशील, तर ते तिच्यासाठीच होतं असं खुशाल समज.

तर काय करायचं ते सांगते.

आण्णांशी आधी बोल, आणि पहिलं वाक्य माफीचं असू दे. "तुम्ही माणूस कसले असं मी म्हणालो, ते चुकलं." तिथे "पण" लावू नकोस. नुकसान झालं हेही मान्य कर. ते गप्प राहिले तर राहू दे, आपल्याकडच्या बापांना अशा वेळी गप्प राहायला आवडतं आणि तो बऱ्याचदा होकार असतो. दोन-चार दिवसांनी, शक्यतो आईसमोर, पुराची आठवण काढ. त्या दोन कुटुंबांना आणलंत तेव्हा काय वाटलं होतं, असं खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचार, त्यांना कोंडीत पकडायला नव्हे. ते बोलू लागले तर ऐक. मग सांग की मला फडात तसंच वाटलं. आणि तेव्हाच, एकदाच, स्पष्ट सांग की त्या दिवशी तुम्ही चुकलात असं मला वाटतं. एकदाच. रोज उगाळलंस तर तो टोमणा होईल.

चुलतभावाला एवढंच विचार की त्याने स्वतः, सगळं तत्त्वज्ञान बाजूला ठेवून, त्या सकाळी काय केलं असतं. त्याचं उत्तर मला माहीत आहे, तुलाही आहे.

ती बाई कुठे आहे याचा शोध घे. मुकादमाचा नंबर तुमच्या चिटबॉयकडे असणारच. मुकादम तुझ्याशी बोलायला नाखूश असेल तर आईला बोलायला सांग, "बाळंतीण कशी आहे" हा प्रश्न आईने विचारला तर कुणाला त्यात भांडण दिसत नाही. बाळ झालं असेल, किंवा झालं नसेल. काहीही कळलं तरी तिच्या त्या दिवसांच्या खाड्याचे पैसे तिच्या हातात पोचतील असं बघ, उचलीच्या वहीत वळते होऊ देऊ नकोस. ते पैसे तुझ्या कमाईतून दे, आण्णांच्या नाही.

पुढच्या हंगामाची तयारी टोळी यायच्या आधीच करावी लागेल. फडाच्या कडेला प्यायचं पाणी, बायकांसाठी आडोसा, लहान पोरांना ठेवायला सावली, हे तुम्ही शेतकरी स्वतः करू शकता, त्याला फार पैसा लागत नाही. टोळी उतरली की त्यात गरोदर कोण, ओली बाळंतीण कोण, हे त्याच दिवशी गावच्या आशाताईंच्या कानावर घाल. बाई परगावची असली तरी सरकारी दवाखान्यात तपासणी होते. १०८ ची रुग्णवाहिका फडापर्यंत येते, फक्त बोलावणाऱ्याला रस्ता नीट सांगता यायला हवा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्यात या टोळीतल्या किती जणांची नोंद आहे हे विचारून बघ. आणि मुकादम पुन्हा "उचल घेतलीय" म्हणाला तर त्याला शांतपणे सांग की घेतलेल्या पैशांच्या बदल्यात माणसाला कामावर अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने गुन्हा आहे. भांडायला नको, त्याला ते माहीत आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून तुला कळेल. पण एकट्याने सांगू नकोस. तुमच्या शिवारातले चार-पाच शेतकरी एकत्र येऊन "गरोदर बाईचा खाडा धरायचा नाही, तो आम्ही वाटून भरू" असं ठरवलंत, तर मुकादमाला टोळी उचलून न्यायला पुढचं रानच मिळणार नाही. यंदा तू एकटा होतास म्हणून त्याला ते जमलं.

या चार-पाच जणांत पहिलं नाव आण्णांचं घाल, आणि ते घालण्याआधी त्यांना विचार. त्यांचा गावात शब्द चालतो असं तुझ्या पत्रावरून वाटतं. ते नाही म्हणाले तर बाकीच्यांकडे जा, आणि मग पुन्हा त्यांच्याकडे ये. आशाताईंना मात्र आताच भेटून ठेव. टोळ्या उतरतात त्या दिवसांत त्यांच्यावर लसीकरणाचं आणि सर्वेक्षणाचं काम एकदम येऊन पडलेलं असतं, तेव्हा त्यांना तुझ्या फडाचा पत्ता नव्याने समजावून सांगायला वेळ मिळणार नाही.

तुझी,
ताई